मुंग्या

"मुंग्या गेल्या," चपला काढता काढताच तो म्हणाला. "सकाळपासून एकही नाही."

शेगडीवरचं उकळतं पाणी बाळाच्या टबात ओतता ओतता बायकोने मान वळवली. काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन चालवून चालवून त्याच्या बोटांत मुंग्यांनी कायमचं बिऱ्हाड केलं होतं. मशीन थांबलं तरी हात थरथरत राहायचे. झोपेतून उठून तो बोटं चोळत बसायचा. "गोड माणसालाच मुंग्या लागतात हो," असं म्हणत ती तेल लावून द्यायची.

लग्नाच्या नव्या नवलाईत याच बोटांनी त्याने तिच्या डोळ्यातलं कुसळ काढलं होतं. इतकं अलगद, की पापणीलाही कळलं नव्हतं. आणि नात घरात आली त्या आठवड्यात याच बोटांतून चहाचा कप निसटला. तेव्हापासून त्याने नातीला उचललं नव्हतं. पाळण्याशी उभा राहून नुसता बोलायचा. "बाई गं, माझ्या हातांचा भरवसा नाही," असं तिलाच समजावायचा.

"तेल लागू पडलं म्हणायचं," बायको म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

"तेलाचं कौतुक नको. माझ्या नातीने पिटाळल्या त्या. आज तिला मीच न्हाऊ घालणार."

"घाला की. पण जरा हळू. ती काही तुमचा स्लॅब नाही."

ती आत गेली. बाळाचं झबलं काढून, टॉवेलात गुंडाळून तिला घेऊन मोरीशी आली. तो पाटावर बसला होता. दोन्ही हातांची बोटं टबात बुडवून पाणी ढवळत होता. चेहरा कसा उजळला होता. इतक्या दिवसांत तिने तो असा पाहिला नव्हता.

"पाणी अगदी बेताचं आहे," तो म्हणाला. "आण तिला."

ती खाली वाकली. बाळाचा टॉवेल सोडवता सोडवता तिची नजर कोपऱ्यात गेली. विसणाच्या गार पाण्याची बादली तिथेच होती, काठोकाठ भरलेली.

तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"अहो," ती म्हणाली, "मी अजून विसण घातलंच नाही."

तो हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत राहिला. बोटं लालबुंद झाली होती, आणि तरी पाणी ढवळतच होती.

मुंग्या गेल्या होत्या. जाताना बोटं घेऊन गेल्या होत्या.