नियमात न बसणारं नाव

"ओळ लांब झाली. तोडा." पुण्याहून तिचा कोड तपासणाऱ्या तळवलकर सरांचा असा शेरा आला, की कराडच्या फ्लॅटमध्ये एकटीने काम करणारी इरावती चिडायची. कोड चालतोय ना, मग मोकळ्या जागा कसल्या मोजत बसता?

मग कंपनीने टूल आणलं. कोड पाठवला की ते सगळं आपोआप नियमात बसवायचं. शेरे थांबले, सर नुसतं 'मंजूर' करायचे. कटकट गेली, असं इरावतीला वाटलं. पण आता दिवस दिवस तिच्याशी कुणी एक शब्दही बोलेना.

टूलला नावांमधलं काही कळत नाही, ती अजून सरांनाच बघावी लागतात. आज तिने एका व्हेरिएबलला, म्हणजे कोडमध्ये माहिती ठेवायच्या एका खणाला, 'कुणी_आहे_का' असं नाव दिलं आणि कोड पाठवला.

"नावावरून काम कळलं पाहिजे. बदला," सरांनी लिहिलं.

इरावतीने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग नाव बदलून दुसरं ठेवलं, तेही मुद्दाम चुकीचंच.