पेढा की बर्फी

आईनं माझ्या बायकोपुढे झाकलेल्या दोन वाट्या ठेवल्या. "उचल गं एक. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी."

डोहाळजेवणाला जमलेल्या साऱ्याजणी "पेढा, पेढा" ओरडत होत्या. दारात उभा राहून मी मनातल्या मनात बर्फी मागत होतो.

माझ्या वाय गुणसूत्राचा एक तुकडाच नाही, म्हणून मूल होत नव्हतं. उपचारांनी दिवस गेले, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, मुलगा झाला तर हाच दोष त्याच्यात उतरेल. मुलीला धोका नाही. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

पेढा निघाला. टाळ्या वाजल्या. मला आत ओढून बायकोशेजारी बसवलं.

बायकोनं अर्धा पेढा माझ्या तोंडात कोंबला आणि कानाशी पुटपुटली, "चेहरा नीट कर. तुझ्यासारखा निघाला तर निघाला. तुला मी टाकलंय का?"