अडलेलं दार

विद्यापीठाच्या नाट्यविभागात सुतारकाम करणाऱ्या बाबांनी लेकीच्या पहिल्या नाटकासाठी दार जीव ओतून घडवलं होतं. शेवटच्या प्रवेशात नायिका झालेली लेक सासर सोडून निघाली, तिनं कडी काढली, पण दार काही हलेना. ताज्या रंगानं ते चौकटीला चिकटलं होतं. प्रेक्षकांत खसखस पिकली. विंगेत उभे असलेले बाबा दारामागे धावून कुजबुजले, "सरक, मी ओढतो." त्यांनी एवढा जोर लावला, की बिजागऱ्यांसकट अख्खं दारच हातात आलं. भरल्या प्रेक्षागृहासमोर बाबा दार कवटाळून उभे! लेकीनं मात्र पापणीही न लववता नाटकातल्या सासऱ्याकडे वळून सुनावलं, "पाहिलंत? माझे वडील आलेत न्यायला." टाळ्यांनी छप्पर दणाणलं. पडदा पडल्यावर प्राध्यापक बाबांना म्हणाले, "उद्याच्या प्रयोगालाही याल ना?" "येतो की," बाबा म्हणाले, "पण मलाही एखादं वाक्य द्या."