मावसबहिणी

मालननं पुन्हा घोळ घातला म्हणून हौसाबाई फणफणत होत्या. नव्या कायद्यानं दोन बायकांच्या जोडीलाही वृद्धाश्रमात एक खोली मिळत होती. लग्नाचा कागद लागत नव्हता. यंत्रासमोर नातं सांगायचं, यंत्र आवाजावरून खरंखोटं ओळखायचं. नातेवाईक असलात तर मात्र खोल्या वेगळ्या.

“या तुमच्या कोण?” यंत्रानं विचारलं होतं.

सत्तरीची मालन सवयीनं म्हणाली, “मावसबहीण.”

“खरं,” यंत्र म्हणालं.

हौसाबाईंनी कपाळावर हात मारला. मिरजेत पहिली खोली बघायला गेल्या, तेव्हा मालकिणीनं हेच विचारलं होतं. हौसाबाई दाराकडं वळल्या, पण ही पोरगी काखेतला स्टोव्ह खाली न ठेवता ‘मावसबहिणी’ म्हणून मोकळी झाली. संध्याकाळी त्याच स्टोव्हवर चहा झाला. कप एकच होता. काय चव होती त्या चहाला! पुढं पंचेचाळीस वर्षं, सात घरं, हेच मुरलेलं खोटं उत्तर.

“अगं, खरं सांग की त्याला!”

मालन यंत्राकडं वळली. “ही... माझी जोडीदार.”

“आवाज कापतोय. खोटं. आता शेवटची संधी.”

“घालवलीस खोली, भित्रे!” हौसाबाई कडाडल्या. “राहा आता एकटी!”

“मी का एकटी राहू?” मालन उसळली. “उभा जन्म तुझ्याशी संसार केलाय मी! त्या डब्याला काय कळतंय?”

“खरं,” यंत्र म्हणालं. “खोली एकत्र.”

हौसाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि आवाज चढवला, “मालन, तू भांडतानाच तेवढी खरं बोलतेस. आता रोज भांडायचं, सांगून ठेवते.”