झाकलेली ओळ

प्रोजेक्टरसमोर लावायची ती काच अक्षताने तीन वर्षं खपून बनवली होती. वीज दिली की काचेचा हवा तेवढाच भाग काळा व्हायचा आणि पडद्यावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसेनासा व्हायचा. झडप नाही, हलणारं काहीच नाही.

गुरुग्रामच्या ऑफिसात काचेच्या डेमोसाठी पाहुणे यायला दहा मिनिटं उरली होती. पडद्यावर त्याच काचेच्या पेटंटचा कागद होता.

“अक्षता, ती संशोधकाच्या नावाची ओळ झाक,” विनायक सर म्हणाले.

“सर, तिथे माझं नाव आहे.”

“म्हणून तर! सरकारी कागदावर खाडाखोड केली तर तो फ्रॉड होतो. तुझ्या काचेने झाकलं तर डेमो होतो, यार.” स्वतःच्याच विनोदावर ते हसले.

अक्षताच्या मस्तकात तिडीक गेली. तिने ओळ काळी केली.

पाहुण्यांपुढे सर ‘मेरी रिसर्च, मेरी रिसर्च’ करत अर्धा तास बोलले. शेवटी त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, “लेकिन सर, क्या पता वहाँ कुछ लिखा ही न हो? काली पट्टी तो कोई भी बना देगा.”

सरांना ते झोंबलं. “बिल्कुल लिखा है, मॅडम! अक्षता, काच बंद कर. दाखव यांना!”

“नक्की ना, सर?”

“अगं, कर ना लवकर!”

अक्षताने बटण दाबलं. बाईंनी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, आणि मग अक्षताच्या गळ्यातलं ओळखपत्र.