कुठनं आणलंस

"उठा, झालं," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि पडद्यापलीकडे जाऊन हात धुतले. अक्षदा टेबलावर तशीच पडून राहिली. आता रोगाचं नाव सांगतील, म्हणून तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"अहो, उठा. काही झालेलं नाही तुम्हाला."

अक्षदा कपडे सारखे करून खुर्चीच्या कडेला टेकली.

"मग खालचे ते दाणे?"

"ती तुमची कातडीच आहे. कुणाच्या गालावर खळी असते, तसं. दोन्ही बाजूंना सारखे, एका ओळीत, मऊ, प्रत्येक दाणा सुटा. संसर्गाच्या चामखिळी अशा नसतात. त्या वेड्यावाकड्या येतात, एकीला एक चिकटून वाढतात. हे असे दाणे पुष्कळ बायकांना असतात. कुणी बघत नाही, बोलत नाही, म्हणून माहीत नसतं."

"औषध?"

"नसलेल्या रोगाला औषध कसलं देऊ?"

अक्षदाचा चेहरा पडला. निमगाव साव्याहून नारायणगावला येताना तिनं मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. मलम मिळेल, गोळ्या मिळतील, महिन्याभरात जाईल, मग नवऱ्याला सांगता येईल की बरं झालं. जे नव्हतंच, ते बरं झालं असं कसं सांगायचं?

"कडुनिंबाच्या पाण्यानं धुते मी रोज. मेडिकलमधनं मलम आणलं व्हतं, त्यानं लई आग झाली."

"ते सगळं बंद करा. साधं पाणी पुरे. कधी वाढलं, दुखलं, रक्त आलं, तर मात्र या."

अक्षदा उठली. पुन्हा बसली.

"मॅडम, पोरीला जवळ घेतलं तर चालंल?"

"म्हणजे?"

"चार वर्सांची हाय, समृद्धी. तिला आजीपाशी झोपवते. माझा टॉवेल, साबण, सगळं वेगळं ठेवलंय. मांडीवर बसाय आली की मी उठून जाते."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "किती दिवस झाले?"

"दहा महिने."

"कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आदेशनं, तिच्या नवऱ्यानं, ते दाणे बघून एकदाच विचारलं होतं, "हे कुठनं आणलंस?" त्यानंतर तो चाकणच्या कंपनीतून शनिवारी घरी यायचा, जेवायचा आणि बाहेरच्या खोलीत झोपायचा. सासूला वाटायचं, भांडण झालंय. आईला फोनवर सांगावं, तर आईही पहिल्यांदा तेच विचारील, या धास्तीनं तिनं आईलाही फोन कमी केले होते.

"आज घरी गेलात की आधी तिला मांडीवर घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि नवऱ्याला घेऊन या, मी समजावून सांगते."

"ते न्हाई यायचे. तुमी लिहून द्या ना. मराठीत."

त्यांनी चार ओळी लिहिल्या. अक्षदानं उभ्याउभ्याच वाचल्या.

"मॅडम, 'कुणाकडून लागलेलं नाही' हे सगळ्यात वर घ्या."

त्यांनी दुसरा कागद घेतला, पुन्हा लिहून खाली शिक्का मारला.

स्टँडवर येऊन तिनं कागदाचा फोटो आदेशला पाठवला. जेवणाची सुट्टी झालेली असणार. निळ्या खुणा उमटल्या, पुढं काही आलं नाही. बाकावर शेजारी दोन बाया कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. मला काही झालेलं नाही, असं यांना तरी सांगावं, असं अक्षदाला फार वाटलं. पण मग त्यांनी विचारलं असतं, काय झालं होतं?

फोन वाजला.

"बघितलं," आदेश म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. "मला वाटलंच व्हतं, काय नसंल म्हणून."

अक्षदा बाकावरून उठली.

"डॉक्टरचा शिक्का हाय की खाली. म्हंजे खरंच असणार. या शनिवारी लवकर येतो, मटण कर. आन हे आता कुणाला बोलत बसू नको."

"अहो."

"काय?"

"शिक्का नसता तर?"

 आदेशच्या मागून फक्त कॅन्टीनमधल्या ताटांचा खडखडाट आणि कुणाचं तरी हसणं ऐकू येत राहिलं. निमगावची गाडी लागली. दोघी बाया जुड्या सावरत चढल्या. अक्षदा फोन कानाला लावून उभीच होती.