कढीपत्त्यावरचा कोष

अंगणातल्या कढीपत्त्यावर फुलपाखराचा कोष लटकला होता आणि फुलपाखरू बाहेर येतानाचा फोटो मला काढायचा होता. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स नुकतीच घेतली होती. आतापर्यंत मुंग्या, माश्या, सगळे हललेलेच आले होते. झाडाला हात लावायचा नाही म्हणून नऊ दिवस घरात कढीपत्त्याची फोडणी बंद. "एका किड्यासाठी साऱ्या घराले बेचव खाऊ घालून राहिली," असं सासूबाई अख्ख्या गल्लीला ऐकवत होत्या.

दहाव्या दिवशी सकाळी लेकीला पाजून पाळण्यात ठेवते न ठेवते, तोच त्या चवड्यांवर चालत आल्या आणि चक्क कुजबुजल्या, "नीलम, चाल लवकर. निंगून राहिलं."

मी धावले. कोष उकलला होता. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू त्यालाच धरून लोंबत होतं. श्वास रोखून लेन्स जवळ नेली, फोकस लागला, आणि मध्येच सासूबाईंचा पदर आला.

"आई, सरका नं! असा फोटो पुन्हा नाई भेटत!"

"नाई तं नाई. त्याचे पंख तं वाळू दे."

"अवो, पण हेच तर पाहिजे मले!"

"तू बाळंत झाली तवा बी सारे असेच मोबाईल घेऊन आल्ते दवाखान्यात," पदर तसाच धरून त्या म्हणाल्या. "मीच दार लावलं. म्हनलं, पोरीले आधी केस तं विंचरू द्या."